दोन्ही कान दिसू देत

शालनला डेंग्यू झाला त्या वर्षी
मागल्या सोप्याला जाळी मारून घेतली.
हिरवी, नायलॉनची, मीटरवर मोजून आणलेली.
खिळे मीच ठोकले.
डास थांबले.
पेरू मात्र तेव्हापासून
भर दुपारीही धुक्यातच उभा.

त्याआधी एकतीस वर्षं स्टेशन रोडवर पासपोर्ट फोटो.
खानापुरात ज्याला ज्याला म्हणून मान आहे
ती मी दोन बोटांनी एकदा तरी सरळ केलीय.
हनुवटी खाली. डोळे मिटू नका.
दोन्ही कान दिसू देत.
एरडू किवी काणबेकु नोड्री.
गोव्याला कामाला निघालेल्या पोरांना तेच,
जरा दटावून.

मग घरोघरी मोबाइल आले.
दुकानात आता मोटारपंप दुरुस्त होतात.
मी घरी आणला तो कॅमेरा
आणि कात्रणांची एक पेटी.

जाळीतून फोटो कसा काढायचा, सांगतो.
लांब उभं राहिलात तर जाळीच येते, पक्षी नाही.
लेन्स जाळीला टेकवायची,
तापलेल्या कपाळाला गाल लावतात तशी.
अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं.
नजर पलीकडच्या फांदीवर.
जाळी विरते.
जात नाही कुठे.
फोटोत नसते एवढंच.

पण गिऱ्हाईक ऐकणारं नाही.
शिंपी शेपूट तेवढी ठेवून जातो चौकटीत.
नाचणाने पंखा उघडला
की नेमका माझा चष्मा कपाळावर.
तांबट दिसत नाही, ठोकत असतो,
कुठल्या तरी भांड्याला पोचा काढल्यासारखा.
कुंपणापलीकडून नीलव्वा टीचर सांगतात, पिकळार.
मी म्हणतो, बुलबुल.
दोन्ही ऐकून तो पपईत चोच घालतो.

यातून बोध काढू नका.
बोध इथं फार झालेत.
पाट्या रंगवणारा आमचा धाकलू
तीच नावं पुसून, तीच नावं लिहून
दोन पोरींची लग्नं करून मोकळा झाला.

माघात शिंजिराची मादी आली.
जाळी ओढून बांधताना तारेचं एक टोक
कापायचं राहून गेलं होतं बाहेरच्या बाजूला.
त्यालाच तिनं घरटं टांगलं.
हातभर अंतरावर.
आणि माझी लेन्स पाच फुटांच्या आत आंधळी.
घरघरते, पुढे जाते, मागे येते,
हाती लागतो तो नुसता पिवळा धूर.
पाच फूट मागे सरलो
तर हजार हिरव्या चौकटी
आणि तिच्यात ती कुठे तरी.

"चहा निवालाय की हो," शालन आतून.

कॅमेरा तिपाईवर ठेवला.
वाचायचा चष्मा लावला,
पेपर बघावा तसा घरटं बघितलं.
कोळिष्टकं, सालपटं, किड्याची विष्ठा,
आमच्या गादीतला कापूस,
आणि पांढऱ्या कडेची एक पट्टी.
कागद माझा.
दिवाळीत शालननं पेटी झाडली होती
पेरूच्या बुंध्याशी,
त्यातलं कात्रण.

पट्टीवर कुणाचा तरी कान.

अख्खा नाही, पाळी आणि वरचा वळसा.
त्या दिवशी हात हलला असणार माझा.
दुसरी प्रत काढून दिली असेल. दिली असेलच.
कोण होता, कुठल्या गाडीला उशीर होत होता त्याला,
त्या पाळीवरून काही लागत नाही.

दुपारी ती आत बसली.
दारातून तोंड बाहेर, हनुवटी काठावर टेकलेली.
मान सरळ.
समोर बघत होती, माझ्याकडे,
पापणी न हलवता.
एवढ्या वर्षांत इतकं शहाणं
कुणी बसलं नव्हतं माझ्यासमोर.

पाखराचे कान पिसांखाली असतात,
दिसत नाहीत.
तिच्या शेजारी वाऱ्यानं तो एक
हलत होता.
मी उगाचच, हळू आवाजात,
झालं म्हटलं. उठा.
ती उठली नाही.